अल्पखर्ची सागरी मापन साधने : तत्त्व, उपयोग व मर्यादा

प्रस्तावना :
हिंगोली जिल्ह्यास समुद्रकिनारा लाभलेला नाही. त्यामुळे सागरविज्ञान हा विषय आपल्या महाविद्यालयांत बहुधा पुस्तकापुरताच मर्यादित राहतो. महागड्या उपकरणांवाचून सागरी मापन अशक्य आहे, असाही समज रूढ आहे. वस्तुतः या शास्त्रातील काही मूलभूत साधने अत्यंत साधी असून त्यांचा सराव औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर जलाशयातही करता येतो. प्रस्तुत लेखात अशा दोन साधनांचा परिचय करून दिला आहे.

१. सेक्की तबकडी :
इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. जलाशयांसाठी २० सें.मी. व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांची तबकडी वापरतात. खाली वजन बांधून ती होडीच्या सावलीच्या बाजूने सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोहोंची सरासरी म्हणजे ‘सेक्की खोली’ होय. पाण्यात गाळ किंवा शैवाल वाढल्यास ही खोली घटते. मात्र दोहोंपैकी नेमके कारण कोणते, हे तबकडी सांगू शकत नाही.

२. बंद नळीचा खोलीमापक :
एक टोक बंद असलेली पारदर्शक नळी तोंड खाली ठेवून बुडविल्यास बॉईलच्या नियमानुसार आतील हवा आकुंचन पावते. समुद्रात सुमारे १० मीटर खोलीवर ती निम्मी, २० मीटरवर एक तृतीयांश, तर ३० मीटरवर एक चतुर्थांश उरते. नळीच्या आत पाण्यात विरघळणारी शाई लावल्यास पाणी कोठवर चढले याची खूण नळी वर काढल्यावरही राहते. लॉर्ड केल्विन यांच्या खोलीमापन यंत्रातील रासायनिक नळी याच तत्त्वावर आधारित होती. खोली वाढेल तसतशा खुणा जवळ येत असल्याने अधिक खोलीवर अचूकता कमी होते.

दक्षता :
दोरी भिजल्यावर तिची लांबी बदलू शकते, म्हणून तिच्यावरील खुणा ओल्या स्थितीतच कराव्यात. होडी वाहत गेल्यास दोरी तिरपी होऊन खोली वाजवीपेक्षा अधिक भासते. गोडे पाणी व समुद्रसपाटीपासूनची उंची यांमुळे नळीचे आकडे किंचित बदलतात. तेव्हा स्थानिक अंशशोधन आवश्यक ठरते. जलाशयावर जाण्यापूर्वी संबंधित विभागाची परवानगी व जीवरक्षक जाकिटे अनिवार्य मानावीत.

निष्कर्ष :
मापनाची विश्वासार्हता साधनाच्या किमतीपेक्षा पद्धतशीर पुनरावृत्तीवर अधिक अवलंबून असते. एकाच ठिकाणी, ठरावीक वेळी, वर्षभर घेतलेल्या नोंदी जलाशयाच्या अभ्यासास उपयुक्त ठरतील. आणि तेच विद्यार्थी पुढे मालवणच्या समुद्रात उतरले, तर मापनाची रीत त्यांना परकी वाटणार नाही.