गाव कुठलं तुझं?

शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलीला आपण ‘आफ्रिकन’ एवढ्या एकाच शब्दात गुंडाळतो. तिच्या नजरेने पाहिलं, तर आपल्याच ताटात तिचं माहेर सापडतं!

चेन्नईत अनोळखी माणूस भेटला की तमिळ माणसाचा प्रश्न ठरलेला असतो, ‘एन्द ऊर?’ म्हणजे गाव कुठलं? गाव कळलं की ओळखीपाळखी निघतात आणि पाचव्या मिनिटाला फिल्टर कॉफी पुढे येते. आपल्या मराठी मुलखात तरी वेगळं काय घडतं?

पण समोर काळी, कुरळ्या केसांची परदेशी मुलगी असली की हा प्रश्न घशातच अडकतो. ‘आफ्रिकन ना?’ एवढं विचारून माणूस मोकळा होतो. जणू आफ्रिका हे एक गावच! प्रत्यक्षात त्या खंडात 54 देश आहेत आणि भाषा तर दीड-दोन हजार.

एकाच गोष्टीचा धोका

हा अनुभव नायजेरियाची लेखिका चिमामांडा न्गोझी अडिची हिलाही आला होता. वयाच्या 19 व्या वर्षी ती अमेरिकेत शिकायला गेली. तिचं सफाईदार इंग्रजी ऐकून खोलीतली मैत्रीण चकित झाली. नायजेरियाची राजभाषाच इंग्रजी आहे, हे त्या मैत्रिणीच्या गावीही नव्हतं. पुढे तिने ‘तुमचं आदिवासी संगीत’ ऐकवायचा आग्रह धरला. अडिचीने काढली मराया कॅरीची कॅसेट! 2009 मधल्या गाजलेल्या भाषणात अडिचीने हा किस्सा सांगितला. एखाद्या समाजाची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की तो समाज तेवढाच आहे असं वाटू लागतं, हे तिचं म्हणणं.

हा धोका फक्त गैरसमजापुरता नाही. जानेवारी 2016 मध्ये बंगळुरूत एका सुदानी तरुणाच्या गाडीखाली एक महिला सापडून मरण पावली. थोड्या वेळाने तिथून जाणाऱ्या टांझानियाच्या 21 वर्षांच्या विद्यार्थिनीला जमावाने गाडीतून ओढून मारहाण केली. तिचा त्या अपघाताशी काडीचाही संबंध नव्हता. सुदान आणि टांझानिया हे दोन वेगळे देश आहेत, हे जमावाच्या डोक्यात आलंच नाही. ‘आफ्रिकन’ एवढी ओळख त्यांना पुरेशी वाटली.

तेरा महिन्यांचं वर्ष

आता समजा, चेन्नईच्या कॉलेजात आलेली मुलगी इथिओपियाची आहे. तिला गाव विचारलं, तर ती सांगेल अदिस अबाबा. तिच्या अम्हारिक भाषेत त्याचा अर्थ ‘नवं फूल’. या भाषेला स्वतःची प्राचीन लिपी आहे. तिच्या देशाचं वर्ष 13 महिन्यांचं असतं आणि नवं वर्ष सप्टेंबरात उजाडतं. 1896 मध्ये अडवाच्या लढाईत तिच्या पूर्वजांनी इटलीच्या फौजेला धूळ चारली. त्या मोहिमेत सम्राज्ञी तैतू स्वतः उतरली होती. आजी-आजोबांना विचारलं, तर शाळेत गणित शिकवणारे भारतीय मास्तरही कदाचित त्यांना आठवतील. सम्राट हैले सेलासी यांच्या काळात आपल्याकडून अनेक शिक्षक तिकडे गेले होते.

ताटातलं माहेर

अशी मुलगी चेन्नईच्या मेसमध्ये जेवायला बसते. डोसा पाहून तिला घरचा ‘इंजेरा’ आठवणारच. टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून केलेली ही मोठी, जाळीदार पोळी म्हणजे आपल्या आंबोळीची बहीणच! सांबारातली चिंच मूळची आफ्रिकेची. आषाढात मारिअम्मनच्या देवळात वाटतात ती नाचणीची आंबील, म्हणजे तमिळ ‘कूळ’. ती नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगराळ भागातली. आपली ज्वारी सुदानकडची आणि बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. ही धान्यं भारतात येऊन हजारो वर्षं झाली. आपण ज्या भाकरीला अस्सल मराठी म्हणतो, तिचं आजोळ हे असं समुद्रापलीकडे आहे.

आणि कॉफी? तिचं तर माहेरच इथिओपिया. तिथे पाहुण्यासमोर हिरव्या बिया भाजतात, कुटतात आणि एकामागून एक तीन वेळा कॉफी पाजतात. मधेच उठून जाणं शिष्टाचाराला धरून नाही.

‘हबशी’ म्हणजे कोण?

‘हबशी’ हा शब्द आपल्याकडे हिणवण्यासाठी वापरला जातो. पण हबश हे इथिओपियाचंच जुनं नाव. तिथले लोक आजही स्वतःला अभिमानाने ‘हबेशा’ म्हणवतात. याच भूमीतला एक मुलगा सोळाव्या शतकात गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात फिरत दख्खनला पोचला. तो मलिक अंबर! निजामशाहीचा वजीर म्हणून त्याने जहांगीरच्या फौजांना वर्षानुवर्षं दमवलं. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, ‘नहर-ए-अंबरी’ने शहराला पाणी दिलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. मराठी माणसाला हा इतिहास ठाऊक आहे. फक्त अंबरच्या मुलखातली मुलगी समोर आली की तो आठवत नाही.

आता तर चेन्नईच आफ्रिकेत जाऊन पोचली आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये आयआयटी मद्रासने टांझानियातल्या झांझिबार बेटावर शाखा उघडली. तिची धुरा प्रीती अघलयम या प्राध्यापिकेकडे सोपवण्यात आली. तिथल्या स्वाहिली भाषेत गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’ आणि लाखाला ‘लाकी’ म्हणतात. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हे शब्द आपल्याकडूनच तिकडे गेले.

तेव्हा बसमध्ये, वर्गात, शेजारच्या फ्लॅटमध्ये अशी एखादी मुलगी भेटली, तर टक लावून पाहण्याऐवजी तिलाही तोच जुना प्रश्न विचारावा, ‘गाव कुठलं तुझं?’ पुढची कॉफी मग ओघाने येईलच. तशीही ती तिच्याच मुलखातून आलेली आहे!