मोबाईलमधला धडा आणि वहीतली सही

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका ठेकेदाराने कचऱ्याच्या गाडीवरच्या कामगारांना ‘सुरक्षा प्रशिक्षण’ दिलं. प्रशिक्षण म्हणजे काय, तर सकाळी सहाला हजेरीच्या वेळी एका मोबाईलवर पंधरा-वीस जणांना उभ्या-उभ्या दाखवलेला व्हिडिओ. त्यातला माणूस जड हिंदीत बोलत होता. हेल्मेट कोरं, बूट कोरे, मागे चकाचक कारखाना. व्हिडिओ संपला, वही फिरली, सगळ्यांनी सह्या केल्या. रविवारी वंदनेनंतर एका मावशीने विहारात हे सांगितलं आणि पिशवीतून आपला हातमोजा काढून दाखवला. अंगठ्यापाशी फाटलेला. बाया हसल्या. आम्हीही हसलो.

महिन्याभरात त्याच मावशीला कचरा वेगळा करताना इंजेक्शनची सुई टोचली. तिने बोट चोखलं, घरी येऊन हळद दाबली आणि आमच्याकडे आली ती पाचव्या दिवशी. सही केलेल्या त्या व्हिडिओत सुईबद्दल एक शब्द नव्हता. पुढे तिच्या तपासण्या चांगल्या आल्या, पण मधले तीन महिने तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक.

तेव्हा आम्ही ठरवलं की आपला व्हिडिओ आपणच करायचा. साध्या फोनवर, विहाराच्या मागच्या नळाशी. हात त्या मावशीचेच, चेहरा नाही. कारण चेहरा दिसला की मुकादम विचारतो, कामावर राहायचं आहे ना? व्हिडिओ तीन मिनिटांचा, आणि त्यात एकच गोष्ट: सुई टोचली तर काय करायचं. बोट चोखायचं नाही, दाबून रक्त काढायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. स्पिरिट, चुना, हळद काही लावायचं नाही. मुकादमाला सांगून त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायचं, रात्र असेल तर अपघात विभागात जायचं. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारायचं. कावीळ ‘ब’ची लस मात्र सुई टोचायची वाट न पाहता आधीच घ्यावी. तिचे तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

पहिल्यांदा केलेला व्हिडिओ फसलाच. आम्ही नर्सिंगच्या भाषेत बोललो, ‘संसर्ग’, ‘प्रतिबंधात्मक उपचार’ वगैरे. एक ताई म्हणाली, “मॅडम, पेपर वाचताय का?” दुसऱ्या वेळी मावशीच बोलली. शिवाय बऱ्याच बायांकडे स्वतःचा फोन नाही, तो मुलाच्या हातात असतो. म्हणून नुसता फॉरवर्ड करून भागत नाही. चार-पाच जणी एकत्र बसायचं, मध्येच थांबवायचं, विचारायचं, “आता तू काय करशील?” आणि तिने नळाखाली हात धरून दाखवायचं. हाताने करून पाहिलेलं घाईच्या वेळी आठवतं. नुसतं पाहिलेलं आठवेलच असं नाही.

मग गटारात उतरणारी मुलं म्हणाली, आमचाही करा. इथे आम्ही अडलो. सुई दाखवता येते, वायू कसा दाखवणार? मॅनहोलमधला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. मुलं म्हणतात “वास गेला, आता उतर”, आणि नेमकं तेव्हाच मरण खाली बसलेलं असतं. तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे काहीच नाही. एक कोसळला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. म्हणून एका घरात दोन-दोन मयती होतात.

त्यामुळे या व्हिडिओत ‘सुरक्षित कसं उतरावं’ हे आम्ही शिकवलं नाही. झाकण दाखवलं आणि सांगितलं, उतरू नका. आत कोणी पडलं तरी मागून उडी मारू नका, 101 ला फोन करा. सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा लागू झाला तो दिवस 6 डिसेंबर. गटारात मृत्यू झाला तर वारसांना 30 लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. हेही व्हिडिओत आहे. एक मुलगा म्हणाला, “ताई, नाही म्हटलं तर उद्याचा रोज कोण देणार?” त्याचं उत्तर व्हिडिओत नाही. ते एकट्याने द्यायचं उत्तरही नाही, म्हणून सगळ्या टोळीने एकत्र नाही म्हणायचं, इतकंच आम्ही त्याला सांगू शकलो.

राहिली वहीतली सही. सही करायला हरकत नाही, पण सहीखाली लिहायचं: मोजे मिळाले नाहीत, बूट मिळाले नाहीत, तारीख. आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवायचा. मावशीला लिहिता येत नाही, तिच्या नातीने चिठ्ठी लिहून दिली आणि तिने ती वहीत चिकटवली. मुकादम चार दिवस बोलला नाही. आठव्या दिवशी मोजे आले. पातळ आहेत, पण फाटके नाहीत.