आखडलेला पाय सरळ होतो तेव्हा

गाईच्या पोटात वासरू सुमारे 280 दिवस असतं. शेवटच्या महिन्यांत जागा कमी पडते, पाय दुमडूनच राहावं लागतं, आणि तरीही बहुतेक वासरं जन्मल्यावर तासाभरात धडपडत चार पायांवर उभी राहतात. मला तर यातच खरं नवल वाटतं. काहींचे पुढचे पाय मात्र खुरावरच्या सांध्यात मागे वळलेलेच राहतात. खूर टेकत नाही, पायाची पुढची बाजूच जमिनीवर घासते. गोठ्यात म्हणतात, 'शिरा आखडल्या.' प्रत्यक्षात आखडलेल्या असतात त्या पायाच्या मागून खुरापर्यंत जाणाऱ्या कंडरा आणि त्यांना जोडलेले स्नायू.

कारणं अनेक. वासरू मोठं आणि जागा अपुरी, हे एक. काही घराण्यांत दोष आनुवंशिक असतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कुरणांवर ल्युपिन नावाची रानटी वनस्पती उगवते. गर्भ 40 ते 70 दिवसांचा असताना गाईने ती खाल्ली, तर तिच्यातली विषारी द्रव्यं गर्भाची हालचाल मंदावतात आणि वासरू वाकड्या पायांनी जन्मतं. म्हणजे पोटातली ती लाथाळी हीच पाय घडवणारी मेहनत असते!

आणि जे हालचालीअभावी बिघडतं, ते बऱ्याचदा हालचालीनेच सुधारतं. दोष सौम्य असेल तर घसरणार नाही अशा जमिनीवर वासराला फिरू दिलं की काही दिवसांत पाय आपोआप सरळ होतो. थोडा जास्त असेल तर दिवसातून अनेकदा हाताने पाय हलकेच ताणून धरायचा. तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर पीव्हीसीचा पाइप उभा चिरतात, पायाला कापसाचा जाड थर गुंडाळतात आणि त्यावर ही पन्हळ बांधतात. पट्टी रोज-दोन दिवसांनी सोडून बघावीच लागते. नवजात कातडी इतकी नाजूक असते की कापूस सरकला आणि पाइपची कड टोचली, तर आधी तिथले केस जातात, कातडी ओलसर होते आणि मग जखम पडते.

पन्हळीच्या आत काय घडतं? सतत ताणात राहिलेला स्नायू नुसता ओढला जात नाही, त्याच्या तंतूंच्या टोकांना नवे घटक जोडले जातात आणि तो खरोखर लांब होतो. शरीर स्वतःच आपलं माप बदलतं. माणसाच्या बाळाचं आत वळलेलं पाऊल डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी अमेरिकेतल्या आयोवात हळूहळू ताणून आणि दर आठवड्याला प्लास्टर बदलून सरळ केलं, ते याच जातीच्या तत्त्वावर.

पहिल्या काही दिवसांत डॉक्टर कधी ऑक्सिटेट्रासायक्लिन टोचतात. हे जंतूंविरुद्धचं औषध कंडरा सैल करतं, ही तर मला थक्क करणारी गोष्ट वाटते. शिंगरांच्या पेशींवरच्या प्रयोगात ते कोलॅजनचं आकसणं रोखताना दिसलं. पण मोठ्या मात्रेत त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, म्हणून हे इंजेक्शन स्वतःहून देऊ नये.

हाताने जोर लावूनही पाय सरळ होत नसेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. सांधाच जखडलेला असेल तर मात्र आशा कमी.

असं वासरू जन्मलं तर पायाआधी पोटाकडे बघा. त्याला आचळापर्यंत पोचता येत नाही, म्हणून पहिल्या दोन-चार तासांत चीक काढून बाटलीने पाजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.