पदवीचं गोड ताट

पहाटे 5. मार्चमध्ये यवतमाळात गारवा असतो तो एवढाच, म्हणून श्रीखंड आताच घोटून ठेवायचं. रात्रभर टांगलेला चक्का, जवळपास तेवढीच पिठीसाखर, वेलदोडा. लहान वाट्यांत भरून फ्रीजमध्ये. आज पार्टी आहे ती इथल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्या मुलीची. वर्षभराची इंटर्नशिपही तिने पूर्ण केली. घरातली पहिली डॉक्टर. चाळीसेक माणसं येणार. माणशी चार घास धरले तरी दीडशेच्या वर नग लागतात.

सकाळी 7. खवा मी घरीच आटवते. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा किलोभर होतो आणि तोवर कढईपासून हलता येत नाही. यातून पेढे आणि संत्रा बर्फी. मृग बहाराची संत्री बाजारात आहेत. गर काढताना पांढरे धागे आणि बिया राहिल्या तर बर्फी कडू होते. गर आंबट असतो, म्हणून तो आधी साखरेत घट्ट आटवायचा, मगच खव्यात घालायचा.

सकाळी 11. मुलीची आई डबा घेऊन आली. आजी कालच झरी-जामणीकडच्या गावाहून आल्या, येताना मोहाचे लाडू घेऊन.

"ताई, हे चालतीन का? ब्राउनीच्या बाजूले कसे दिसतीन?"

"बाजूला नाही वहिनी, मधोमध ठेवते."

मला यात शंकाच नव्हती. ब्राउनी कोणत्याही गावातल्या पार्टीत मिळते. हे लाडू या मुलीच्याच ताटात असू शकतात.

दुपारी 2. ऊन चढलं. तिशीच्या वर पारा गेला की चॉकलेट मऊ पडू लागतं, आणि दुपारी आमचं स्वयंपाकघर त्याच्या पुष्कळ पुढे असतं. मैत्रिणींना दीक्षान्ताच्या टोप्या हव्या होत्या. पेढ्यावर चॉकलेटचा पातळ चौकोन बसवला की टोपी तयार. पण चौकोन निघेपर्यंत फ्रीजमध्येच.

संध्याकाळी 5. त्यांच्या घरी. सागवानी फळीवर बटर पेपर पसरला. आधी वाट्या मांडायच्या, कारण त्यांची जागा नंतर हलवता येत नाही: श्रीखंड, सोललेल्या संत्र्याच्या फोडी, पाकातले गुलाबजाम. ओलं सुट्टं ठेवलं तर शेजारची बर्फी पाझरते. मग मधोमध लाडवांची रास, भोवती बर्फी, ब्राउनी, तिळाची चिक्की. गोडाने जीभ थकते, म्हणून खारे काजू आणि खारी शंकरपाळी हव्यातच. साखर असलेल्यांसाठी भाजलेले बदाम-अक्रोड वेगळ्या ताटलीत, नाव लिहून. पार्टीत कुणाला विचारत बसावं लागू नये. चॉकलेटच्या टोप्या पाहुणे दारात आल्यावर.

रात्री 8. टोप्या आधी संपल्या, तरुण मुलं जास्त होती. मग एका डॉक्टर मुलाने लाडू उचलला, खाल्ला, दुसरा घेतला आणि विचारलं, "आजी, यात काय आहे?"

आजी खुर्ची पुढे ओढून बसल्या. "मोहफुलं हायेत बापा. सकायीच येचाची. आतले तुरे काढून टाकाचे, मंग कडक वायवाची, मंद जायावर भाजाची. तीळ, शेंगदाने, गूळ घालून कुटाची."

मुलाने फोन काढून सगळं लिहून घेतलं. गूळ किती, ते त्याने दोनदा विचारलं.