पाचव्या नंबरचे अकरा गुण

आपल्या येरमाळ्यातून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. रात्रंदिवस गाड्या पळताना आपण बघतो. पण गाड्यांची शर्यत म्हणजे रस्त्यावरची पळापळ नव्हे. ती ठरवून दिलेल्या मार्गावर, नियमांनी होते आणि तिचा हिशेब वर्षभर चालतो. तो कसा, ते आज आम्ही सांगणार आहोत.

बैलगाडा शर्यतीत जी जोडी पहिली, तिचाच त्या दिवशी गुलाल. मोटारींच्या, मोटारसायकलींच्या मोठ्या स्पर्धांचं तसं नसतं. वर्षात ठिकठिकाणी शर्यती होतात. प्रत्येक ठिकाणी नंबराप्रमाणे गुण मिळतात. शेवटी बेरीज होते. जिची बेरीज मोठी, ती त्या वर्षाची विजेती.

बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से हिचं उदाहरण घेऊ. ती 'बाहा' शर्यतीत मोटारसायकल चालवते. म्हणजे वाळू, माती, दगडधोंडे यांतून शेकडो किलोमीटर जायचं. २०१८ साली स्पेनमधल्या शर्यतीत ती पडली. पोटातल्या स्वादुपिंडाला गंभीर इजा झाली. आता बास, असं कुणीही म्हटलं असतं.

पण २०१९ साली ती पुन्हा बाहाच्या विश्वचषकात उतरली. तिथं महिलांच्या गटात पहिलीला २५, दुसरीला २०, तिसरीला १६, चौथीला १३ आणि पाचवीला ११ गुण. ऐश्वर्या दुबईत पहिली आली, पोर्तुगालमध्ये तिसरी, स्पेनमध्ये पाचवी आणि हंगेरीत चौथी. करा बेरीज: २५, १६, ११ आणि १३. झाले ६५. पोर्तुगालच्या रिटा व्हिएराचे झाले ६१. चार गुणांनी विश्वचषक भारतात आला. तेव्हा ऐश्वर्या २३ वर्षांची होती.

आता बघा, वर्षभरात ती पहिली आली एकदाच. आणि जिथं आदल्या वर्षी पडली, त्याच स्पेनमधले पाचव्या नंबरचे ११ गुण काढून टाकले, तर उरतात ५४. मग चषक गेलाच असता.

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक बाई आहे. पुण्याच्या डायना पुंडोले, दोन लेकरांची आई. ऑगस्ट २०२४ मध्ये चेन्नईत त्यांनी मोटार शर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पुरुषांसोबत शर्यत करून ते मिळवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या महिला.

बचत गटात एखादीचा हप्ता एका महिन्याला थकला, म्हणून आपण तिचं नाव खोडत नाही. पुढच्या महिन्यात ती भरते, पासबुक चालू राहतं. मग गाडी शिकताना पोरगी एकदा पडली, की चावी कायमची खुंटीला का? अठरा पूर्ण झाली असेल तर आधी शिकाऊ परवाना काढा. डोक्याला हेल्मेट घाला, मागं बसणारीलासुद्धा. आणि जखम भरली, की चावी पुन्हा तिच्या हातात द्या.