किरकोळ खर्च

१९७९ साली एम.कॉम.साठी पुण्यास आलो, तेव्हा समाजाच्या वसतिगृहात जागा मिळाली. निघताना बाबूजींनी एक लहान वही हाती दिली. रोजचा खर्च तीत मांडावयाचा आणि महिनाअखेर त्याचा उतारा गावी पाठवावयाचा. आमचे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे दुकान. तेथे एका पैशाचाही घोळ चालत नसे. शुल्क, पुस्तके, बसभाडे ही खाती सरळ होती. बालगंधर्व रंगमंदिरातील नाटकाचे तिकीट कोणत्या खात्यावर टाकावे, हे मात्र उमगेना. ते मी 'किरकोळ'मध्ये टाकले.

पुण्यात हे किरकोळ वाढतच गेले. भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका झाल्या, आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव आला. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून चालविलेला हा उत्सव तेव्हा रात्रभर चाले. वसतिगृहाचे फाटक रात्री नऊला बंद होई. त्यामुळे नाटक अडचणीचे आणि रात्रभराचे गाणे सोयीचे, असा उलटा हिशेब होता. फाटक उघडल्यावरच परतावयाचे! चौविहार असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवून, शाल घेऊन मी निघे. मध्यरात्री मित्र चहा-वड्यासाठी उठत, तेव्हा मी सर्वांच्या जागा राखीत बसे. अखेरच्या सकाळी भीमसेनजींचे गायन आटोपले की सवाई गंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लावीत. एवढा मोठा समुदाय त्या खरखरत्या आवाजापुढे निःशब्द बसे. शेवटचा स्वर गुरूंचा, ही रीत मला परकी वाटली नाही. मग नवकारसीची वेळ झाल्यावर मीही चहा घेई.

दुसऱ्या वर्षी बाबूजी खरेदीसाठी पुण्यास आले. "किरकोळ फार झाले आहे," एवढेच म्हणाले. मला उत्तर सुचले नाही. दुपार मोकळी होती, म्हणून त्यांना शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेले. ते उभारणारे दिनकर केळकर हे चष्म्यांचे व्यापारी, हे ऐकताच बाबूजींनी कान टवकारले. अल्पवयात गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मृत्यर्थ त्यांनी घराघरांतील नित्याच्या वस्तू जमविल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह राज्य शासनास देऊन टाकला. दुकान सांभाळून एका माणसाने हे केले, यावर बाबूजींचा प्रथम विश्वासच बसेना.

अडकित्ते, वाद्ये त्यांनी भराभर पाहिली. दिव्यांच्या दालनात मात्र ते थबकले. आधी सवयीने वजनाचा अंदाज केला असावा. तसे ओठ हलले. मग हळूच म्हणाले, "अशी समई गेल्या महिन्यात आपल्याकडे आली होती."

ती कोठे गेली, हे मी विचारले नाही. स्टीलचा जमाना आला होता. गिऱ्हाईक आजीच्या काळचे पितळ मोडीत घालून चकचकीत डबे नेई. मोड वजनावर घ्यावयाची आणि भट्टीकडे धाडावयाची, हा आमचा सरळ व्यवहार. त्यात लबाडी काहीच नव्हती. (पुढे बँकेत सोनेतारणाचे दागिने तोलून घेताना मीही हेच केले, घडणावळ बँक धरीत नाही.) पण तराजूत जे येत नाही असेही काही त्या पितळेत होते, हे आम्हा दोघांनाही त्या दालनात एकाच वेळी कळले. नाटकांनी आणि गाण्यांनी माझी थोडी तयारी झाली होती. बाबूजींची कोणतीच तयारी नव्हती, म्हणून त्यांना ते अधिक लागले असावे.

सायंकाळी स्थानकावर गाडी सुटता सुटता ते म्हणाले, "नाटक-गायनाचे खाते वेगळे काढ. किरकोळात घालू नकोस."

दिवाळीत घरी गेलो, तेव्हा गादीमागच्या फळीवर तीन समया आणि एक लामणदिवा मोडीतून बाजूला काढून ठेवलेला दिसला. भांडवल विनाकारण अडकते, अशी मुनीमजींची कुरकुर चालूच होती. त्यांतील एक समई आज माझ्याकडे आहे. तिच्या पाच वातींपैकी एका वातीची जागा तुटलेली आहे. म्हणूनच ती मोडीत आली होती.