टीव्हीच्या डब्याचा घोळ

गणपतीच्या दिवसांत मुंबईपुण्याचीं माणसें कोंकणांतील घरीं येतात, तेव्हां त्यांजबरोबर शहरांतील एखादी नवी वस्तु येतेच. आमच्या आप्तांचें एक एकत्र कुटुंब महाडास आहे. आजी आणि मधले चिरंजीव तेथें, थोरले पोलादपुरास, तिसरे पुण्यास आणि धाकटे गिरगांवांत, अशी त्यांची मांडणी. २०१३ सालच्या गणपतींत धाकट्या काकांनीं गिरगांवाहून आणिली ती वस्तु म्हणजे पुस्तकाएवढा एक काळा डबा. आपल्या घरचा एक डबा अधिक झाला आहे, तो पोलादपूरच्या दादांस उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब. डबा लावला, तारा जोडल्या, हिरवा दिवाहि लागला. परंतु पडद्यावर चित्र कांहीं उमटेना. शेवटीं तो डबा आरतीच्या पुस्तकांशेजारीं फडताळांत गेला, आणि "मुंबईस चालतो तो येथें कां चालूं नये?" हा वाद मात्र विसर्जनापर्यंत पुरला.

हा प्रश्न एकाच घराचा नव्हता. ज्यांच्या चुली चार गांवीं मांडलेल्या आहेत अशा पुष्कळ कुटुंबांतून तो त्या चारपांच वर्षांत विचारला गेला, आणि त्याचें धड उत्तर घरांतल्या मंडळींस सोप्या मराठींत क्वचितच कोणी दिलें. म्हणून, उशिरानें कां होईना, आम्ही तो येथें घेत आहों.

केबलचा कायदा मूळ १९९५ सालचा. २०११ च्या अखेरीस संसदेनें त्यांत दुरुस्ती करून असें ठरविलें कीं, ह्यापुढें तारेंतून येणारीं चित्रें डिजिटल पद्धतीनें, कुलूपबंद करून पाठवावीं, आणि ग्राहकानें घरीं सेटटॉप बॉक्स बसवून तीं उघडावीं. हा पालट देशभर एकदम न करितां चार टप्प्यांनीं करावयाचा होता. मुंबईसह चार महानगरांची मुदत प्रथम ३० जून २०१२ होती, ती वाढून ३१ ऑक्टोबर २०१२ झाली. पुणें, नाशिक, नागपूर धरून अडतीस मोठ्या शहरांस ३१ मार्च २०१३ ही तारीख मिळाली. बाकीच्या शहरांची मुदत पुढें ३१ डिसेंबर २०१५ ठरली, आणि उरलेल्या साऱ्या मुलखाची ३१ डिसेंबर २०१६. म्हणजे आमच्या ह्या कुटुंबास एकाच कायद्याच्या चार तारखा लागू झाल्या. श्राद्धाची तिथि सुद्धां भावाभावांत अशी वेगवेगळी होत नाहीं!

महाड आणि पोलादपूर ह्यांत अंतर सुमारें वीस किलोमीटरांचें. दोन्ही गांवें एकाच सावित्रीच्या काठचीं. परंतु महाडास जुनी नगरपालिका, म्हणून तें तिसऱ्या टप्प्यांत. पोलादपूर ग्रामपंचायतीचें गांव, म्हणून तें चौथ्यांत. पुढें पोलादपुरासहि नगरपंचायत आली, तेव्हां आपण आतां शहरांत मोडतों कीं खेड्यांत, हें तेथील मंडळींस कळेना. त्यांतच तिसऱ्या टप्प्याचीं प्रकरणें निरनिराळ्या उच्च न्यायालयांत गेलीं, आणि अखेर महाडसारख्या शहरांस ३१ जानेवारी २०१७ पर्यंत व खेड्यांस ३१ मार्च २०१७ पर्यंत मुदत वाढवून मिळाली. महाडच्या पेठेंत त्या काळीं शेजारशेजारच्या दोन घरांपैकीं एकांत डबा आलेला असे, आणि दुसऱ्यांत "मुदत वाढली आहे, घाई कशाला?" असें ऐकूं येई. दोघांचेंहि खरें होतें, म्हणून भांडण मिटत नसे.

आतां त्या गिरगांवच्या डब्याविषयीं. जुन्या पद्धतींत प्रत्येक वाहिनीस तारेवर सात-आठ मेगाहर्ट्झ एवढी जागा लागे. नव्या पद्धतींत चित्राचे अंक करून ते दाबून बसवितात, त्यामुळें तेवढ्याच जागेंत दहाबारा वाहिन्या सहज मावतात. परंतु ज्या कंपनीनें तारेंत संदेश सोडला तिचें कुलूप त्यावर असतें, आणि त्याची किल्ली त्याच कंपनीच्या डब्यांत व त्यांतील कार्डांत असते. गिरगांवचा डबा पोलादपुरास मुका राहिला तो ह्यामुळें. त्यांत बिघाड कांहींच नव्हता. पुण्याच्या काकांनीं नवा संच घेतला, त्यावर 'डिजिटल' असें ठळक छापलेलें पाहून "आतां डब्याचें काम नाहीं" असें त्यांनीं घरीं कळविलें होतें. त्यांचीहि चूक हीच. संचास अंक वाचतां आले तरी कुलूप उघडतां येत नाहीं. आणि छपरावरच्या छत्रीचा डबा दिसावयास अगदीं तसाच असला तरी तो उपग्रहाचा संदेश घेतो, केबलची तार त्यास लावून उपयोग नाहीं. पोलादपूर तालुक्यांतील डोंगरावरच्या वाड्यांवर तार पोहोंचतच नाहीं. तेथें २००४ सालापासून चालू असलेली दूरदर्शनची फुकट छत्रीच उपयोगी पडते. एकदां खर्च करावा, मासिक वर्गणी नाहीं. सरकारी मुदतींचा सारा गोंधळ चालला असतां ह्या वाड्यांवर मात्र कोणाची झोंप मोडली नाहीं.

एवढी उलाढाल कशासाठीं, असें कोणीहि विचारील. चित्र अधिक स्वच्छ दिसेल हें खरेंच. परंतु मुख्य कारण मोजणीचें होतें. जुन्या तारेवर एका केबलवाल्याचीं घरें किती, हें त्यालाच ठाऊक. वाहिन्यांच्या मालकांस तो सांगेल तो आंकडा, आणि करमणूक कराच्या खात्यासहि तोच. डब्याला क्रमांक आला, तेव्हां घरेंहि मोजलीं गेलीं. ह्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु त्या मोजणींत एक जुनें नातेंहि गेलें. पूर्वीं केबलवाला गांवांतलाच. महिन्याचे पैसे न्यावयास ओटीवर येई, पाणी मागे, आणि श्रीविरेश्वराचा छबिना गांवच्या वाहिनीवर कधीं दाखविणार तें सांगून जाई. नव्या व्यवस्थेंत संदेश दूरच्या मोठ्या कंपनीकडून येऊं लागला. गांवच्या वाहिनीस जागा द्यावयाची कीं नाहीं, हें त्या कंपनीच्या मर्जीवर राहिलें. बिचाऱ्यास विचारलें तर तो म्हणे, "माझ्या हातांत आतां फक्त शिडी आहे."

महाडच्या घरीं डबा २०१६ च्या उन्हाळ्यांत आला. संच दोन, एक ओटीवर व एक माजघरांत आजींच्या पलंगासमोर. डबा मात्र एकच. एका डब्यावर एकच संच चालतो हें तो बसविल्यावर कळलें, आणि त्या दिवसापासून आजींस सातच्या बातम्यांसाठीं ओटीवर येऊन बसावें लागूं लागलें. त्यांतून रिमोट दोन झाले. एक संचाचा व एक डब्याचा. संचाच्या रिमोटवरचें एक बटण चुकून दाबलें गेलें कीं पडदा निळा पडे, आणि तो पूर्ववत् करावयास कॉलेजांतला नातू घरीं यावा लागे. पंचाऐंशी वर्षांच्या बाईस जें एक काम कोणाच्या मिनतवारीवांचून करतां येत होतें, तेंहि असें गेलें.

ह्याचें महत्त्व आम्हांस २ ऑगस्ट २०१६ नंतर कळलें. त्या रात्रीं सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानींतला पूल पुरांत कोसळला, आणि एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. तो पूल महाड व पोलादपूर ह्यांच्या मधला. सकाळीं घरचे पुरुष नदीकडे धांवले, सुना दारांत उभ्या. थोरले चिरंजीव आठवड्यांतून दोनतीनदां रात्रीं त्याच वाटेनें आईस भेटावयास येत, एवढेंच आजींच्या डोक्यांत. बातम्या लावाव्या म्हणून त्यांनीं हाताला आलेलें बटण दाबलें आणि पडदा निळा झाला. दादा पोलादपुरास सुखरूप असल्याचा निरोप येण्यास पाऊण तास लागला. तोंवर त्या निळ्या पडद्यासमोर बसून होत्या. त्याच संध्याकाळीं नातवानें डब्याच्या रिमोटला लाल दोरा बांधला, आणि संचाचा रिमोट देवघराच्या फळीवर ठेवून दिला. साऱ्या सरकारी जाहिरातींत ह्याहून सोपी युक्ति आम्हीं पाहिली नाहीं.

पोलादपुराचा डबा त्या पुढचा. मुदत डिसेंबर अखेरची, आणि ८ नोव्हेंबरास पांचशेच्या व हजाराच्या नोटा रद्द झालेल्या. घरांत होती ती रोकड चालेना, चालती रोकड मिळेना. अशांत डबा विकत घ्यावा कीं भाड्यानें, हा प्रश्न. नियमाप्रमाणें विकत, हप्त्यानें किंवा भाड्यानें अशा तिन्ही रीतींनीं तो मिळावयास हवा, अर्जाची प्रत व पैशांची पावतीहि मिळावयास हवी. प्रत्यक्षांत पुष्कळ ठिकाणीं "डब्याचे इतके" एवढेंच सांगितलें गेलें. दादा शिक्षकी पेशांतले. त्यांनीं पावती मागून घेतली आणि महाडास मधल्या भावासहि तसेंच करावयास लाविलें. तेव्हां घरांतले सगळे त्यांस हंसले.

१ फेब्रुवारी २०१९ पासून दराचे नवे नियम अमलांत आले, तेव्हां दुसरें प्रकरण उभें राहिलें. शंभर वाहिन्यांपर्यंत जोडणीचा आकार अधिकांत अधिक १३० रुपये, त्यावर अठरा टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांची किंमत निराळी, आणि त्या ज्याच्या त्यानें निवडाव्या. निवड करणारा 'ग्राहक' एकच, असें कायद्यानें धरलें होतें. एकत्र घरांत ग्राहक कोण? सुनांस मालिका, मुलांस क्रिकेट, मधल्या काकांस इंग्रजी बातम्या. यादी जेवणाच्या पंक्तींत तीन दिवस फिरली. आजींस हवी होती ती सह्याद्रि फुकटच मिळे, म्हणून त्यांस कोणी विचारलेंच नाहीं. दुसऱ्या संचासाठीं पुरा आकार द्यावयाचा कीं काय, ह्याचा निकाल पुढें २०२० च्या नियमांनीं लागला. त्यांत पुढच्या प्रत्येक संचास मूळ आकाराच्या चाळीस टक्क्यांहून अधिक घेऊं नये असें ठरलें, म्हणजे १३० वर ५२ रुपये. तेव्हां कोठें माजघरांत दुसरा डबा आला आणि आजींस आपली खोली परत मिळाली. (ह्या कमाल मर्यादा पुढें २०२४ सालीं काढून टाकण्यांत आल्या, हेंहि नोंदून ठेवावें.)

ती खोली त्यांस पुरतें दीड वर्षहि लाभली नाहीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत पाणी शिरलें. त्याच संध्याकाळीं तालुक्यांतील तळियें गांवावर दरड कोसळून मोठी मनुष्यहानि झाली. पोलादपूर तालुक्यांतहि माणसें दगावलीं. त्यापुढें एका घरच्या संचाची गोष्ट सांगणें लहानच आहे. मंडळी माळ्यावर चढलीं म्हणून वांचलीं. खालीं दोन्ही संच, दोन्ही डबे आणि लाल दोऱ्याचा रिमोट चिखलांत गेले.

आठवड्यानें केबलवाला आला. त्याच्या दुकानांतलीं यंत्रेंहि बुडालीं होतीं, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच होता. डबे भाड्याचे असल्यास कंपनी ते परत मागेल, असें तो भीत भीत म्हणाला. मधल्या काकांनीं माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींतून दोन्ही पावत्या काढून दाखविल्या; डबे विकत घेतलेले होते. त्यानें त्या उजेडांत धरून वाचल्या, आणि त्यालाच सुटल्यासारखें झालें. "ज्यांच्याकडे पावती नाहीं त्यांस काय सांगूं, तेंच मला समजत नाहीं," असें म्हणून तो पायरीवर टेकला. सुनांनीं त्यास चहा दिला. नवा डबा कोठें बसवावयाचा, असें जातां जातां त्यानें विचारलें, तेव्हां आजी आंतून म्हणाल्या, "माळ्यावर बसव. खालीं यावयाला पाणी मला पुष्कळ वेळ लावतें."